मागचे शॉकअप : खाच वाढवण्याआधी टेपने मोजा

प्रश्न : माझी 1984ची बुलेट 350 आहे. कापसाच्या दिवसांत मागे बायको आणि वर गाठोडं असतं, तेव्हा खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो. मेकॅनिकने शॉकअप शेवटच्या खाचेवर नेले. आता एकटा निघालो की कंबर मोडते. मधली खाच ठेवू का?
— एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : खाच म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगला टेकलेल्या फिरत्या कड्याची एक पायरी. खाच वाढवली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही. ती आधीच थोडी दाबली जाते आणि गाडीची मागची बाजू वर उचलली जाते, एवढंच. त्यामुळे अंदाजाने खाच निवडू नका, मोजा.

गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत हवं. एक्सलच्या मधोमधपासून सरळ वर मडगार्डवर खडूने खूण करा आणि अंतर मोजा. मग स्टँड काढा, नेहमीच्या कपड्यांत गाडीवर बसा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. या गाड्यांचं मागचं चाक साधारण 75 ते 80 मिमी वरखाली होतं. त्यातले 25 ते 28 मिमी तुमच्या वजनाने दबले, म्हणजे दोन मापांत एवढा फरक आला, तर ठीक. 35च्या वर गेलं तर एक खाच वाढवा, 15च्या आत राहिलं तर एक कमी करा. सध्या तुमचं हेच होत असणार : एकट्याच्या वजनाने स्प्रिंग जेमतेम दबते, म्हणून खड्ड्यात चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही.

आता खरी मेख. कोणी न बसता, गाडी नुसती चाकांवर उभी असताना 5 ते 10 मिमी दबली पाहिजे. शेवटच्या खाचेवर ती अजिबात दबत नाही, आणि दोघं बसले की टायर घासतो, असं असेल तर स्प्रिंग तुमच्या ओझ्याला पुरत नाही. तिथे खाच काही करणार नाही. स्प्रिंगची जोडीच बदला, एकच बाजू नको.

खाच फिरवताना गाडी स्टँडवरच असू द्या आणि हूक पानाच (खाचेत अडकणारा वाकडा पाना) वापरा. छिन्नी-हातोडीने खाचांच्या कडा तुटतात. काळी माती खाचांत सुकून घट्ट बसलेली असते. आधी ब्रशने रॉकेल लावून ती सोडवा, पण शॉकअपच्या टोकांच्या रबरी बुशला रॉकेल लागू देऊ नका. दोन्ही बाजूंना खाच सारखी हवी, नाहीतर चिमट्याला (मागचं चाक धरणारी, वरखाली होणारी चौकट) पीळ बसतो. शेवटी ओझ्यासकट चेनचा सैलपणा पाहा (मधोमध सुमारे 25 मिमी) आणि हेडलाइटचा झोतही. मागची बाजू बसली की झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

प्रश्न : पांदण रस्त्यावर वळताना मागचा भाग हलतो. शॉकअप नवे आहेत.
— एक वाचक, दिग्रस

उत्तर : मग शॉकअपला हात लावू नका. स्टँडवर चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. चिमटा फ्रेमपासून हलला तर चिमट्याचे बुश गेले. चिमटा स्थिर राहून फक्त चाक हललं तर चाकाचं बेअरिंग. हवाही तपासा : मागच्या टायरात एकट्यासाठी 28, दोघांसाठी 32 पीएसआय चालते.

प्रश्न : एका शॉकअपमधून तेल गळतं. इंजिन ऑइल भरून चालेल का?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : नाही. घट्ट तेलाने शॉकअप उशिरा परततो. लागोपाठ खड्डे आले की चाक खालीच येत नाही, गाडी बसत बसत जाते. जो शॉकअप उघडून दुरुस्त होतो, त्याला सील नवं आणि फोर्क ऑइल दोन्ही बाजूंना मोजून सारखं. बंद नळीचा असेल तर बदलण्याला पर्याय नाही.

तपासणी सोपी आहे : सीट जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर डॅम्पर (शॉकअपमधला उसळी थोपवणारा तेलाचा भाग) शाबूत, दोन-तीनदा उसळली तर गेला. मेच्या उन्हात तेल पातळ होतं, म्हणून ही तपासणी दुपारी, गाडी चालवून आल्यावर करा. स्प्रिंग मात्र ती दाबून धरणाऱ्या स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय कधी उघडू नका, ती सुटली तर हात मोडते.