अँजिओग्राफीच्या कॅथेटरचं टोक इतकं गुळगुळीत कसं करतात?

घासून नव्हे, वितळवून. नळी कापली की कडेला बारीक बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कंगोरी, राहते; ती रक्तवाहिनीचं अस्तर ओरबाडेल. म्हणून नळीत स्टीलची सळई घालून टोक तापलेल्या साच्यात दाबतात. प्लास्टिक मऊ होऊन साच्याची गोलाई घेतं. सळईमुळे आतलं भोक बुजत नाही. थंड झाल्यावर नळी बाहेर काढायची. साचा मात्र आतून आरशासारखा हवा, नाहीतर त्यावरचा ओरखडा प्रत्येक टोकावर उमटतो. ६ फ्रेंचची (फ्रेंच हे कॅथेटरच्या जाडीचं माप) नळी म्हणजे जेमतेम २ मिमी जाड, त्यामुळे तपासणी भिंगाखालीच.

बुळबुळीतपणा हे वेगळं प्रकरण. काही कॅथेटरवर पीव्हीपीसारख्या पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरचा थर देऊन तो अतिनील प्रकाशात पक्का करतात. कोरडं असताना काही जाणवत नाही. ओलं केलं की माशासारखं हातातून निसटतं.