शंभरी ओलांडलेल्या मेथडिस्ट मंडळीचा इतिहास कसा जमवायचा आणि जुनी रजिस्टरं कशी वाचवायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची तुमची मंडळी (चर्चचा स्थानिक समुदाय) शंभर वर्षांहून जुनी आहे, स्मरणिका काढायची आहे, वेस्ट्रीच्या (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीच्या) कपाटात कसर लागलेली रजिस्टरं पडून आहेत, स्थापनेच्या सालावरून जुन्या घराण्यांत एकमत नाही, आणि हात कुठून घालावा ते कळत नाही.

पहिली गोष्ट, इमारतीपासून सुरुवात करू नका. कोनशिलेवरचं साल म्हणजे मंडळीचं जन्मसाल नव्हे. मेथडिस्टांकडे आधी माणसं जमली, मग त्यांचा क्लास (छोटा गट) झाला, मग चार्ज (एका पाळकाच्या हवाली केलेली मंडळी) झाला, आणि चर्च बहुतेक ठिकाणी सगळ्यात शेवटी उभं राहिलं. मुंबईचंच बघा. अमेरिकन मेथडिस्ट उपदेशक विल्यम टेलर १८७१ च्या अखेरीस मुंबईत आले, लोकांच्या घरी सभा घेऊ लागले आणि १८७२ च्या सुरुवातीला तिथे मेथडिस्ट मंडळी बांधली गेली. स्वतःची चर्च नंतर आली. १८४८ पासून मुंबईत राहून मराठीतून उपदेश करणारे जॉर्ज बोवेनही याच काळात त्यांना मिळाले. म्हणून स्मरणिकेत एकच साल ठोकून देऊ नका, तीन सालं वेगवेगळी छापा: पहिली सभा किंवा क्लास, चार्ज म्हणून झालेली पहिली नोंद, आणि इमारतीचं समर्पण. तुमच्याकडचा वाद बहुधा इथेच मिटेल, कारण एक घराणं एक साल सांगत असतं आणि दुसरं दुसरं. दोन्ही खरी असू शकतात.

क्लास म्हणजे काय, हे तरुणांना सांगावं लागतं. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं, तेव्हा सुमारे बारा माणसांमागे एकाने दर आठवड्याला प्रत्येकी एक पेनी गोळा करायची असं ठरलं. दारोदार फिरताना घराघरांतली अवस्था कळू लागली, आणि वसुलीची सोय आत्मिक देखरेखीची रीत होऊन बसली. म्हणून जुनी वर्गणीची वही ‘हिशोबाची आहे’ म्हणून रद्दीत घालू नका. टेलरांनी मिशन बोर्डाच्या पैशावर न चालणाऱ्या, स्वतःच्या खर्चाने उभ्या राहणाऱ्या मंडळ्यांचा आग्रह धरला होता. अशा मंडळीत कोणी किती आणे दिले ती वही म्हणजेच सभासदांची खरी यादी. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात एकदाच येणारं नाव तिथे वर्षानुवर्षं दिसतं, आणि ज्या महिन्यात ते थांबतं तिथे बदली, मरण किंवा रुसवा यांपैकी काहीतरी झालेलं असतं.

दुसरी गोष्ट, शिक्के आणि छापील मथळे बघा. कागदावर साल नसलं तरी संस्थेच्या नावावरून काळ लागतो. ‘मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च’ असं असेल तर तो साधारण १९३९ च्या आधीचा, कारण त्या वर्षी अमेरिकेतल्या तीन मेथडिस्ट शाखा एक झाल्या आणि ‘एपिस्कोपल’ शब्द गळला. त्यानंतर आपल्याकडे ‘मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया’ हे नाव चाललं, आणि १९८१ पासून ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’. जुनी छापील वही नाव बदलल्यावरही संपेपर्यंत वापरत, एवढी गफलत ध्यानात ठेवा. ‘वेस्लियन’ असा शिक्का असेल तर थांबा. ती ब्रिटिश मेथडिस्टांची वेगळी शाखा. १९७० साली उत्तर भारतातले ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेले, अमेरिकन परंपरेचे बाहेर राहिले. म्हणजे त्या कागदांची जोडी आज तुमच्या कॉन्फरन्सकडे (प्रांतातल्या मेथडिस्ट मंडळ्यांच्या संघटनेकडे) नसून दुसरीकडे असायची शक्यता जास्त.

आता रजिस्टरं. बाप्तिस्मा, सभासद, विवाह आणि दफन अशा चार वह्या सापडायला हव्यात. यांत सभासदांची वही सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात मोलाची. तिच्यात परीक्षाधीन सभासद आणि पूर्ण सभासद असे वेगळे रकाने असतात, आणि ‘पत्राने आला’, ‘पत्राने गेला’ असे शेरे. कुटुंब दुसऱ्या गावी गेलं की पाळक सभासदत्वाचं पत्र देत. त्या शेऱ्यावरून मनमाडचं घराणं मुंबईला कधी गेलं हे महिन्यासकट लागतं, मग पुढचा शोध त्या मंडळीत.

नावांच्या बाबतीत घाई नडते. जुन्या नोंदींत आडनाव बऱ्याचदा नसतंच: मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, संपलं. पुढच्या पिढीत बापाचं नावच आडनाव होतं, आणि एकाच आजोबांची नातवंडं दोन आडनावांनी वावरतात. त्यात इंग्रजीत लिहिणाऱ्याने कानाला जसं आलं तसं लिहिलेलं. म्हणून तक्ता करताना मूळ नोंद जशीच्या तशी एका रकान्यात ठेवा, तुमचा अंदाज शेजारच्या रकान्यात. मूळ अक्षर ‘दुरुस्त’ करू नका. एकदा दुरुस्त केलेली नोंद परत मूळपदावर येत नाही.

विवाहाची वही हरवली असेल तर धीर सोडू नका. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न लावणाऱ्या पाळकाने नोंदीची प्रत किंवा उतारा सरकारी निबंधकाकडे धाडायचा असतो. त्यामुळे दुसरी प्रत सरकारदरबारी असू शकते. अर्ज करताना वधूवरांची नावं, लग्नाचं साल आणि लग्न लावणाऱ्या पाळकांचं नाव द्या. तिसरी गोष्ट नसेल तर शोध लांबतो.

आणि पाळकांचं नाव कुठून मिळवायचं? कॉन्फरन्सच्या छापील वार्षिक अहवालातून. मेथडिस्ट पाळकांची नेमणूक बिशप कॉन्फरन्समध्ये वाचून दाखवतात, आणि ती यादी अहवालात चार्जनिहाय छापली जाते. मुंबई कॉन्फरन्स १८९२ साली वेगळी झाली. त्याआधीचं बहुतेक सगळं साउथ इंडिया कॉन्फरन्सच्या अहवालांत शोधावं लागतं, आणि इथेच अनेकांचा शोध खुंटतो. चार्जपुढे माणसाच्या नावाऐवजी ‘टू बी सप्लाइड’ दिसलं तर मंडळी बंद पडली असा अर्थ काढू नका. नेमलेला पाळक नव्हता, काम बहुधा स्थानिक उपदेशकाने चालवलं, आणि स्मरणिकेत त्याचं नाव यायलाच हवं. आकड्यांच्या तक्त्यात पूर्ण सभासद आणि एकूण ख्रिस्ती समाज हे रकाने वेगळे असतात, कारण दुसऱ्यात बाप्तिस्मा झालेली मुलंही धरतात. एका वर्षीचा एक आणि दुसऱ्या वर्षीचा दुसरा घेतला की मंडळी एका रात्रीत तिप्पट झाल्यासारखी वाटते. मिशनरी बायकांनी चालवलेल्या शाळा आणि बायबल बायांचं (घरोघर जाऊन बायबल शिकवणाऱ्या स्त्रियांचं) काम स्त्रियांच्या वेगळ्या अहवालात असतं, ते विसरलात तर अर्धा इतिहास गेला. तुमच्या कॉन्फरन्स कार्यालयात जुने अहवाल नसतील तर जबलपूरच्या लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजला विचारा. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ड्रू विद्यापीठाच्या आवारात मेथडिस्टांचं मोठं दप्तर आहे, तिथे ईमेल करताना चार्जचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगने लिहा.

कागद हाताळण्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूनेच होतं. वही उन्हात वाळत घालू नका. ओल असेल तर सावलीत, वारा खेळेल अशा खोलीत, पंखा थेट अंगावर न सोडता वाळवा, आणि बुरशी पूर्ण सुकल्यावर तोंडाला मास्क बांधून मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते, तिचा डिंक कागदात मुरतो आणि काढताना अक्षरासकट पापुद्रा निघतो. जुन्या तपकिरी शाईकडे नीट बघा. अक्षराभोवती करपल्यासारखी कड दिसत असेल तर ती लोहाची शाई कागद खाते आहे. पान वाकवलं की ‘अ’च्या पोटातला तुकडा गळून पडतो. अशी पानं उलटताना खाली दुसरा कागद सरकवून आधार द्या, थुंकीचं बोट लावू नका, आणि टेबलावर पेन नको, फक्त पेन्सिल.

फोटो मोबाइलने काढले तरी चालतात. आधी पानं मोजा. खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, फ्लॅश बंद ठेवा, शेजारी पट्टी ठेवा, आणि पहिला फोटो मुखपृष्ठाचा घ्या. कोरी पानंही सोडू नका, नाहीतर नंतर पान गाळलं की मुळात कोरं होतं हे कळणार नाही. मग दोन प्रती, दोन वेगळ्या घरी. वह्या खळ काढलेल्या धुतलेल्या मांजरपाटात बांधा. आपल्याकडच्या दप्तरांचे रुमाल असेच बांधत आणि ती पद्धत अजूनही उत्तम आहे. लोखंडी कपाट जमिनीपासून आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, म्हणजे वाळवीची माती चढताना दिसते.

पितळी स्मृतिफलक दर नाताळाला पॉलिशने घासायची हौस आवरा. प्रत्येक घासणीत अक्षराची कड झिजते. आधी पातळ कागद लावून मऊ पेन्सिलीने ठसा घ्या.

कागदावर नसलेलंही पुष्कळ असतं. कापणीच्या सणाला वेदीपुढे आलेल्या भाजी-धान्याचा लिलाव तुमच्याकडे कसा होतो, ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत साक्षी कोण आणि किती वेळ देतं, वर्षारंभी कराराची उपासना होते का. देवाशी केलेला करार नव्याने म्हणायची ही उपासना मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७५५ साली सुरू केली. ओवी-अभंगाच्या वळणाची भजनं ज्या चालीवर म्हणतात त्या ध्वनिमुद्रित करा, कारण गीतपुस्तकात शब्द आहेत, चाल आजीच्या गळ्यात आहे. विचारताना ‘जुन्या आठवणी सांगा’ असं मोघम नको. ‘पेटीवर कोण बसायचं?’, ‘शब्बाथ शाळेत (रविवारच्या बायबल शाळेत) बक्षीस काय मिळायचं?’ असं विचारा. मग माणसं बोलती होतात.

आणि हे काम सध्याच्या पाळकसाहेबांची बदली व्हायच्या आत करा. रजिस्टरं हरवतात ती बहुतेक याच सांध्यावर, एका ट्रंकेतून दुसऱ्या ट्रंकेत जाताना. प्रत्येक वहीचं नाव, पहिलं-शेवटचं साल आणि पानांची संख्या यांची यादी करा. तीन प्रतींवर जाणारे पाळक, येणारे पाळक आणि मंडळीचा एक स्टुअर्ड (कारभार बघणारा सभासद) यांच्या सह्या घ्या. एक प्रत कपाटात, एक डी.एस. (डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट) साहेबांकडे, आणि एक पास्टोरेट कमिटीच्या (मंडळीच्या कारभारी समितीच्या) इतिवृत्तात चिकटवलेली. ती मात्र डिंकाने नव्हे, गव्हाच्या पिठाच्या खळीने.