पाचवा जनरेटर होतो, तरी गेटपाशीच का मरायला होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मडगावहून ‘डेड बाय डेलाइट’ (चार जण एका किलरपासून पळ काढतात तो ऑनलाइन खेळ) खेळता, बहुतेक वेळा ओळखीचं कोणी सोबत नसतं, पाचही जनरेटर पूर्ण होतात, भोंगा वाजतो आणि तिथून पुढे सगळं बिघडतं. कधी गेट उघडता उघडता मार बसतो, कधी किलरने हुकवर टांगलेल्या खेळाडूला सोडवायला जाऊन दोघेही अडकता, तर कधी एकटे उरता आणि हॅच (जमिनीतली सुटकेची झडप) डोळ्यांसमोर बंद होते. शेवटच्या टप्प्यात नेमकं करायचं काय?

डिचोली, म्हापसा आणि फोंडा अशा तीन ठिकाणांहून आम्ही काही जण रात्री हा खेळ खेळतो, आणि आमचे सर्वांत जास्त वाद याच टप्प्यावरून होतात. म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या मते गेट उघडणं आणि गेटमधून बाहेर पडणं ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक लोक ती एकच धरतात, आणि तिथेच मरतात.

आधी नियम. नकाशावर जनरेटर सात, त्यांतले पाच दुरुस्त झाले की दोन्ही एक्झिट गेटना वीज मिळते. स्विच धरून गेट उघडायला २० सेकंद लागतात. मधेच हात सोडला तरी झालेलं काम वाया जात नाही, पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं. गेट पूर्ण उघडलं, किंवा किलरने हॅच बंद केली, की एंडगेम कोलॅप्स सुरू होतो. हा भाग मूळ खेळात नव्हता. खेळ २०१६ मध्ये आला, कोलॅप्स २०१९ मध्ये. १२० सेकंदांचं घड्याळ चालू होतं आणि ते संपलं तेव्हा जो आत असेल त्याला एंटिटी (खेळातली बळी घेणारी शक्ती) घेऊन जाते. कोणी जमिनीवर पडलेला किंवा हुकवर असेल तोवर हे घड्याळ निम्म्या वेगाने चालतं, म्हणजे ताणून ताणून जास्तीत जास्त २४० सेकंद.

आता याचा अर्थ बघा. हे घड्याळ बऱ्याचदा आपणच चालू करतो. किलरने नाही, आपल्या हाताने. गेट शेवटच्या क्षणापर्यंत आणून हात सोडला तर घड्याळ चालू होत नाही, आणि पळायची वेळ आली की अर्ध्या सेकंदात दार उघडतं. खेळणारे याला ‘गेट नाइन्टी-नाइन करणं’ म्हणतात. एखादा हुकवर असताना किंवा कोणी अजून नकाशाच्या दुसऱ्या टोकाला असताना गेट सताड उघडून ठेवणं म्हणजे रायबंदरच्या धक्क्यावर आपला माणूस अजून तिकडून धावत येतोय आणि आपणच चोडणची फेरी सोडायला सांगतोय. सगळे जवळ आले, किंवा किलर अंगावरच आला, की मग उघडा.

एकट्याने खेळताना अडचण ही की तुम्ही गेट नाइन्टी-नाइन करून ठेवता आणि अनोळखी साथीदार धावत येऊन ते पूर्ण उघडतो. त्याला थांबवता येत नाही. पण डाव्या बाजूच्या चित्रांवर कोण काय करतंय ते दिसतं. कोणी गेटच्या स्विचवर असल्याचं चिन्ह दिसलं की घड्याळ आता चालू होणार हे धरूनच हालचाल करा.

दुसरी गोष्ट भोंग्याच्या आधीची आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. गेटना वीज आली की किलरला दोन्ही गेट भिंतींपलीकडूनही दिसतात. आपल्याला दिसत नाहीत, त्यासाठी वेगळा पर्क (खेळाडूने आधी निवडलेली खास क्षमता) लागतो. म्हणजे भोंगा वाजल्यावर जो गेट शोधायला निघतो तो किलरच्या मागे पडलेला असतो. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या जनरेटरच्या सुमारास येता-जाता दोन्ही गेट बघून ठेवा. जमलं तर शेवटचा जनरेटर असा निवडा की तिथून एक गेट जवळ पडेल आणि किलर त्या वेळी दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी मागे असेल. पाचव्या जनरेटरवर चौघांनी जमण्याची गरज नाही. एक जण गेटच्या आसपास लपून असेल तर भोंगा वाजताक्षणी २० सेकंदांचं काम सुरू होतं.

शेवटचा जनरेटरही संपत आणून थांबवता येतो. त्यावरची टक्केवारी मात्र किलर लाथ मारून खाली आणू शकतो, म्हणून फार वेळ थांबू नका. ‘अ‍ॅड्रेनलिन’ हा पर्क असलेला साथीदार जखमी किंवा पडलेला असेल तर त्या क्षणाचा फायदा मोठा असतो: वीज आली की तो एक पायरी बरा होतो, पडलेला असेल तर उठतो आणि काही सेकंद वेगाने पळतो.

जखमी अवस्थेत गेटकडे जाणं हे मला सर्वांत जास्त खटकतं. साथीदाराने बरं करायला १६ सेकंद लागतात, आणि ते सोळा सेकंद गेट उघडण्याच्या वीस सेकंदांइतकेच मोलाचे आहेत. धडधाकट असलात तर पहिला फटका बसल्यावर तुम्हाला काही क्षण जास्तीचा वेग मिळतो, आणि किलर मारल्यानंतर सुमारे पावणेतीन सेकंद हत्यार पुसत थांबतो. गेट उघडं असेल तर तेवढ्यात माणूस बाहेर जातो. जखमी असलात तर तोच फटका तुम्हाला जमिनीवर आणतो. अगदी दाराच्या उंबऱ्यावर पडलात तर सरपटत बाहेर जाता येतं, पण तो वेग सेकंदाला ०.७ मीटर आहे. किलर उचलायला आला नाही तरच.

आता सोडवायला जाण्याबद्दल. मागे वळणं मला मनापासून आवडतं, या खेळाचा जीव त्यातच आहे, आणि कोणी ‘सोड त्याला, निघ’ म्हणालं तर मला राग येतो. पण जायचं तर हिशेब करून जावं. हुकवर मरणापर्यंतची प्रत्येक पायरी ७० सेकंदांची असते. साथीदार पहिल्यांदाच हुकवर असेल तर घाई नाही, गेट नाइन्टी-नाइन करा, बरे व्हा, मग जा. सोडवल्यावर त्याला थोडा वेळ एक फटका झेलण्याचं बळ आणि जास्तीचा वेग मिळतो, पण त्याने लगेच गेटच्या स्विचला हात लावला तर ते संरक्षण जातं. म्हणजे सोडवण्याआधी दार तयार असायला हवं, किंवा दुसऱ्या कोणीतरी ते उघडायला हवं. किलर हुकशेजारीच उभा राहिला तर एरवी हुकवरच्याला स्वतः सुटायची संधी मिळते. जनरेटर संपले की ही सोय बंद होते. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात हुकपाशी ठाण मांडणारे किलर फार. त्याच्यासमोर एकट्याने, तेही जखमी अवस्थेत जाणं म्हणजे त्याला दुसरा बळी देणं. दोघे धडधाकट असतील, एकाने सोडवून दुसऱ्याने मधे फटका झेलायची तयारी असेल, तर बऱ्याचदा तिघेही निघतात. आमच्यात म्हापशाचा मित्र हे मधे उभं राहण्याचं काम करतो आणि ते तो फार सुंदर करतो.

एकाच फटक्यात धडधाकट माणूस पडला तर समजा किलरचा ‘नो वन एस्केप्स डेथ’ हा पर्क चालू आहे. जनरेटर संपले आणि नकाशावर एखादा टोटेम (मोडता येणारी हाडांची छोटी रचना) शाबूत असेल तर हा पर्क जागा होतो. अशा वेळी सोडवायला धावण्याआधी टोटेम मोडा. त्याची जागा सुरुवातीला अगदी जवळून दिसते आणि ३० सेकंदांत ती कक्षा २४ मीटरपर्यंत वाढते. म्हणजे थोडं थांबून फिरलात तर सापडतो. ‘ब्लड वॉर्डन’ वेगळा: गेट उघडं असताना किलरने कोणाला हुकवर टाकलं की दोन्ही दारं काही काळ अडवली जातात. उघड्या गेटच्या आत उभं राहून वाट बघणाऱ्यांसाठीच तो पर्क आहे, आणि आत उभे असलेले त्यात किलरला दिसतातही. निघायचं असेल तर निघा, तिथे घोळका करू नका. आणि ‘पिग’ हा किलर असेल तर डोक्यावरचा चालू सापळा काढल्याशिवाय गेट ओलांडू नका, तो तिथेच जीव घेतो.

तुमचा शेवटचा भाग, एकटं उरण्याचा. शेवटचा माणूस उरला की हॅच उघडते आणि जवळ गेल्यावर वाऱ्यासारखा आवाज येतो. किलरलाही ती शोधायची असते. त्याने आधी बंद केली तर दोन्ही गेटना वीज मिळते आणि १२० सेकंद सुरू होतात. इथे बहुतेक जण हार मानतात. मानू नका, आकडे बघा. बहुतेक किलर सेकंदाला ४.६ मीटर पळतात, म्हणजे २० सेकंदांत ९२ मीटर. तो तुमच्या गेटपाशी येऊन दुसरं गेट बघायला वळला आणि लगेच परतला, तर दोन गेटमध्ये ४६ मीटरपेक्षा जास्त अंतर असल्यास तुम्हाला पूर्ण वीस सेकंद मिळतात. अंतर कमी असलं तरी बिघडत नाही, कारण झालेलं काम टिकतं: दहा सेकंद आज्जिबात न घाबरता स्विच धरा, तो जवळ आल्याचे सांगणारे हृदयाचे ठोके वाढले की सोडून लपा, तो गेला की उरलेले दहा. ज्या गेटपासून तो नुकताच निघाला तेच धरायचं. नर्स किंवा ब्लाइटसारख्या झटकन अंतर कापणाऱ्यांसमोर हे गणित चालत नाही, तिथे दोन लहान तुकड्यांऐवजी तीन-चार करावे लागतात.

एक स्थानिक गोष्ट. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि संपर्क तुटला की तुमच्या जागी बॉट खेळतो आणि तुम्हाला पुढच्या मॅचसाठी ताटकळावं लागतं. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

पर्कचं विचाराल तर तुम्ही एकटे खेळता म्हणून वेग वाढवणाऱ्या ‘होप’ऐवजी मी ‘वेक अप’ घेईन. त्यात गेट दिसतात आणि लवकर उघडतात. सोबत ‘अ‍ॅड्रेनलिन’. आणि वारंवार शेवटी एकटेच उरत असाल तर ‘लेफ्ट बिहाइंड’, त्यात हॅच जवळ आली की तिची आकृती दिसते.