थंडीत घरच्यांसाठी पोर्क चॉप करतो. रात्रभर लिंबाच्या रसात मुरवूनही ते कोरडे आणि चिवट होतात. मऊ आणि रसाळ होण्यासाठी काय करावं?

लिंबाचं प्रमाण कमी करा, मिठाकडे लक्ष द्या आणि एक साधा मांसाचा थर्मामीटर घ्या. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर एवढ्यातच आलं, पण यामागची कारणं कळली की कुठलाही मसाला वापरून चांगले चॉप करता येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मुरवलं की मांस रसाळ होतं, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात मुरवणातलं खोलवर जातं ते मुख्यतः मीठ. लसूण, मिरी, मध, तेल हे सगळं रात्रभर ठेवलं तरी जवळजवळ पृष्ठभागावरच राहतं. त्याची चव पहिल्या घासाला लागते आणि ती हवीच, पण आतल्या ओलाव्याशी तिचा संबंध नाही. मीठ मात्र हळूहळू आत शिरतं आणि मांसातल्या प्रथिनांची ठेवण थोडी सैल करतं. त्यामुळे शिजताना ती कमी आवळतात आणि पाणी धरून ठेवतात. आंबट पदार्थांचं वेगळं आहे. लिंबू किंवा व्हिनेगर फार वेळ राहिलं तर वरचा थर पांढरट आणि पिठूळ होतो, आतलं मांस होतं तसंच राहतं. मुरवणात लिंबाचाच भर असेल तर तासाभरात, फार तर दोन तासांत चॉप तव्यावर जायला हवेत. कच्ची पपई आणि ताजं अननस तर आणखी जपून वापरा, त्यांच्यातली विकरं प्रथिनं तोडतात आणि चॉपचा वरचा भाग लगदा होऊन जातो.

माझं नेहमीचं मुरवण सांगते. हाडासकट अडीच ते तीन सेंटीमीटर जाडीचे चार चॉप, म्हणजे साधारण एक किलो. त्याला दोन मोठे चमचे सोया सॉस, एक लहान चमचा बारीक मीठ, एक मोठा चमचा तयार मस्टर्ड, एक मोठा चमचा मध, सहा-सात ठेचलेल्या लसूण पाकळ्या, भरपूर भरडलेली मिरी, दोन मोठे चमचे तेल आणि एकच लहान चमचा व्हिनेगर. सोया सॉस बराच खारट असतो. दोन मोठ्या चमच्यांतून सुमारे 5 ग्रॅम मीठ येतं आणि वरून घातलेलं साधारण 6 ग्रॅम, म्हणजे एकूण मांसाच्या वजनाच्या 1 टक्क्याच्या जरा वर. हा हिशेब सांभाळलात तर बाकीचं सगळं बदललं तरी चालतं. हे मिश्रण फ्रिजमध्येच मुरवायचं, थंडी कितीही असली तरी ओट्यावर ठेवायचं नाही. चार तास पुरतात, सकाळी लावून संध्याकाळी केलं तर उत्तम.

जाडीबद्दल मी हटून सांगेन. सेंटीमीटरभर जाडीचा चॉप बाहेरून खरपूस होईपर्यंत आतून कोरडा होतोच, तिथे कुठल्याही मुरवणाचा उपयोग नाही. दोन पातळ चॉप घेण्यापेक्षा एक जाड घ्या आणि कापून दोघांना वाढा.

आता मुद्द्याची गोष्ट, तापमान. पाठीकडच्या भागाच्या चॉपमध्ये चरबी कमी असते आणि तो पटकन शिजतो. आतलं तापमान साधारण 66 अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ लागलं की स्नायूंमधली प्रथिनं जोरात आवळतात आणि रस बाहेर ढकलतात. डुकराचं मांस अगदी करकरीत शिजवायची सवय जुन्या भीतीतून, मुख्यतः त्यातल्या कृमींच्या भीतीतून आली. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 मध्ये अखंड तुकड्यांसाठीचं सुरक्षित तापमान 71 वरून 63 अंशांवर आणलं, आचेवरून उतरवल्यावर तीन मिनिटं तसंच विसावू द्यायचं या अटीसह. खिम्यासाठी मात्र 71 अंशच. 63 अंशांना मांस आतून किंचित गुलाबी दिसू शकतं, त्याला घाबरू नका. रंग पाहून शिजल्याची खात्री होत नाही, थर्मामीटरनेच होते. त्याची सुई चॉपच्या बाजूने मधोमध घालायची आणि हाडाला टेकू द्यायची नाही.

भाजण्याआधी चॉपवरचं मुरवण निथळू द्या आणि कागदाने पृष्ठभाग नीट टिपून घ्या. ओला चॉप तव्यावर भाजला जात नाही, वाफेवर शिजतो. टिपल्यामुळे मसाला वाया जाईल असं वाटतं, पण उरलेला लसूण आणि मध नाहीतरी जळून कडूच झाला असता. कडेच्या चरबीला दोन-तीन ठिकाणी चिरा द्या, म्हणजे चॉप वाटीसारखा वळत नाही. जाड बुडाचा तवा मध्यम आचेहून थोडा जास्त तापवा आणि आधी चॉप चरबीच्या कडेवर उभे धरा. ती चरबी सुटते, त्यातच पुढचं भाजायचं. मग दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं. मधामुळे रंग लवकर चढतो, तेव्हा आच कमी करायला कचरू नका. त्यानंतर 180 अंशांच्या ओव्हनमध्ये, आतलं तापमान 60 होईपर्यंत. बाहेर काढून पाच मिनिटं ठेवलं की ते आपोआप दोन-तीन अंश चढतं. 63 गाठलंय ना, हे पुन्हा एकदा सुई घालून बघा.

घरात सहा-आठ जण असतील तर मी क्रम उलटा करते. थंडीत पहिल्याला गरम आणि शेवटच्याला गार असं झालं तर सगळी मजाच जाते. जाळीवर ठेवून सगळे चॉप 120 अंशांच्या ओव्हनमध्ये 55 अंशांपर्यंत न्यायचे, त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. मग कडकडीत तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजत 63 पर्यंत. असे सगळे एकाच वेळी ताटात पडतात. ताटंही ओव्हनमध्ये किंचित ऊबदार करून घ्या.

तव्याला चिकटलेलं तपकिरी खरवडण अजिबात धुऊन टाकू नका! चॉप बाजूला विसावत असताना त्यात उभा चिरलेला कांदा परता, सफरचंदाच्या फोडी घाला, वाटीभर स्टॉक ओतून लाकडी चमच्याने तळ खरवडा आणि रस निम्मा आटवा. शेवटी लोण्याचा एक तुकडा. कुस्करलेल्या गरम बटाट्यावर हा रस ओतला की मुलं चॉपआधी तेच संपवतात. कच्चं मांस ठेवलेलं मुरवण या रसात घालायचं असेल तर ते काही मिनिटं खळखळून उकळलंच पाहिजे, नाहीतर टाकून द्या.

ओव्हन नाही, थर्मामीटरही नाही, असं असेल तर खांद्याकडचे चॉप मागा. खरं तर बोचऱ्या थंडीत मला हेच जास्त आवडतात. त्यांच्यात चरबी आणि चिवट पडदे जास्त असतात, आणि मंद आचेवर दीड-दोन तास ठेवले की ते पडदे विरघळून रस्सा दाट, बोटांना चिकटणारा होतो. मुरवण तेच, तव्यावर तसेच खरपूस करायचे, मग कांदा आणि अर्ध्या उंचीपर्यंत स्टॉक घालून घट्ट झाकण. काटा सहज शिरला की झालं. इथे 63 अंशांचा नियम लावू नका, तेवढ्यावर हे चॉप रबरासारखे लागतात. पाठीकडचे चॉप मात्र असे दोन तास शिजवू नका, त्यांच्यात विरघळायला फारसं काही नसतं.

दुसऱ्या दिवसासाठी पाठीकडचे चॉप उरले तर ते अख्खे गरम करू नका. पातळ काप करा, उरलेला रस आधी उकळून घ्या, आच बंद करा, मग काप त्यात सोडा आणि झाकून ठेवा.