घरखर्चाची वही : पेट्रोल कुणाच्या ताटातून जातं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं पेट्रोलची आहेत. साहजिकच आहे. 22 मार्च ते 6 एप्रिल या सोळा दिवसांत चौदा वेळा भाव वाढला आणि लिटरमागे दहा रुपये चढले. मी परभणीची, त्यामुळे या बाबतीत आम्ही जरा जास्तच पोळलेले. आमच्याकडे पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरनं येतं, तीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून, आणि ते भाडं आमच्याच भावात चढतं. मुंबईत 120 रुपये 51 पैसे होते, तेव्हा इथं भाव 123 च्या घरात गेला होता. 21 मे रोजी केंद्रानं अबकारी कर आठ रुपयांनी कमी केला आणि आज, जून 2022 मध्ये, इथं 114 च्या आसपास भाव आहे. पत्रं बरीच आहेत, म्हणून पाचच घेते. पहिल्या पत्राला मात्र सविस्तर उत्तर देणार आहे.

प्रश्न : काकू, माझे मिस्टर रोज गावाहून परभणीला एका दुकानात हिशेब लिहायला जातात, जायला 31 किलोमीटर, यायला 31. पगार 17,000. एसटीच्या संपात मोटारसायकलनं जायची सवय लागली, ती तशीच राहिली. पेट्रोलला महिन्याला साडेचार हजार जातात, एप्रिलात 4,800 गेले. ते म्हणतात, गाडी 55 चं अ‍ॅव्हरेज देते, याहून कमी खर्च होणारच नाही. मी दूध दीड लिटरचं एक लिटर केलं. सासूबाई रक्तदाबाची गोळी आता एक दिवसाआड घेतात, त्या स्वतःच म्हणाल्या. अजून कुठं कापू?

उत्तर : ताई, आधी गोळी. ती आजपासून रोज सुरू करा, बाकीचं नंतर बोलू. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना न विचारता एक दिवसाआड करायची नसते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासतात आणि गोळ्या मोफत देतात. सासूबाईंना या आठवड्यात तिथं घेऊन जा, जुनी चिठ्ठी सोबत ठेवा.

आता तुमच्याच आकड्यांकडे बघा. रोजचे 62 किलोमीटर, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 1,612 किलोमीटर. साडेचार हजारांत 114 च्या भावानं साडेएकोणचाळीस लिटर पेट्रोल येतं. भागाकार केला की 41 येतं. गाडी 55 देत असती तर 29 लिटरमध्ये, साधारण 3,350 रुपयांत महिना निघाला असता. वरचे अकराशे-साडेअकराशे कुठं जातात, हे मिस्टरांनी शोधायचं आहे. दर महिन्याला तेवढे पैसे तुमच्या दुधातून आणि सासूबाईंच्या गोळीतून जाताहेत.

मिस्टर खोटं बोलत नाहीत. गाडी नवी असताना ती 55 देत असेल, आणि तोच आकडा त्यांच्या डोक्यात बसलाय. पतसंस्थेच्या काउंटरवर 31 वर्षं बसले, तेव्हा हे फार पाहिलं. माणसाला स्वतःच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज आणि स्वतःचा चहाचा खर्च नेहमी जुनाच आठवतो. म्हणून मोजायचंच. टाकी काठोकाठ भरा आणि मीटरचा आकडा वहीत लिहा. आठ दिवसांनी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. दुसऱ्यांदा जितके लिटर बसलं, त्यानं मधल्या किलोमीटरना भागा. हे दोघांनी मिळून करा. वही त्यांच्या हातात द्या, ते रोज दुकानाचा हिशेब लिहितातच.

आमच्या शेजारच्या मुलानं मागच्या महिन्यात असंच मोजलं तेव्हा 38 आलं. मेकॅनिकनं एअर फिल्टर काढून दाखवला, त्यावर कापसाच्या वाकळेसारखा धुळीचा थर होता. पुढच्या चाकात हवा कमी, चेन कोरडी, मागचा ब्रेक किंचित धरून ठेवत होता. नऊशे रुपये लागले, पण आता त्याची गाडी 49 देते. तुमची गाडी 50 वर आली तरी महिन्याला आठशे रुपये वाचतील. दुधाचा अर्धा लिटर त्यातच परत येईल. आणि गाडी 45 ते 55 च्या वेगानं चालवायला सांगा. सत्तर-ऐंशीनं पळवली की पेट्रोल जास्त जातंच.

तरीही खरा उपाय एसटी आहे. संप ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झाला आणि एप्रिलमध्ये मिटला. मधल्या साडेपाच महिन्यांत पेट्रोल भडकलं आणि त्याच वेळी खेड्यातल्या माणसापुढं दुसरा मार्गच नव्हता. कित्येकांनी हप्त्यावर गाड्या घेतल्या. ती सवय आता सोडायला हवी. मासिक पासाला वीस दिवसांचं भाडं घेतात आणि प्रवास तीस दिवस करू देतात. एका फेरीचे पन्नास रुपये धरले तर पास दोन हजारांच्या आसपास पडेल. पेट्रोलचे साडेचार हजार त्याच्याशेजारी लिहून मिस्टरांना दाखवा. वेळ जुळत नसेल तर गावातून परभणीला जाणारा दुसरा माणूस शोधा. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा तुमची.

एक शेवटचं. कुठं कापू, असं तुम्ही विचारलंत. सुरुवात तुम्ही दुधापासून केलीत, सासूबाईंनी गोळीपासून. बहुतेक घरांत असंच होतं. पेट्रोलचा आकडा पेट्रोलच्या रकान्यात कमी होत नाही. तो दूध, फळं, औषध, माहेरची फेरी यांच्या रकान्यांतून वसूल होतो, आणि हे रकाने बायकांच्या हातात असतात म्हणून ते गुपचूप लहान होत जातात. या महिन्यात वहीत पेट्रोलच्या शेजारी एक रकाना आखा आणि त्यात लिहा, ‘हे कशातून काढलं’. महिनाअखेरीला तो घरात मोठ्यानं वाचा.

प्रश्न : पेट्रोल नऊ रुपयांनी उतरलं असं पेपरात वाचलं. मग भाजीवाली भाव का उतरवत नाही? विचारलं तर म्हणते, ‘डिझेल महागलंय ताई.’ ही लूट नाही का? (एक गृहिणी, अंबाजोगाई)

उत्तर : माळवं येतं डिझेलवर, म्हणून पेट्रोल बाजूला ठेवा. मुंबईत डिझेल 104 रुपये 77 पैशांवरून 97 रुपये 28 पैशांवर आलं, म्हणजे साडेसात रुपये उतरलं. समजा, एक टेम्पो चाळीस किलोमीटरवरून दीड टन भाजी आणतो. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, आठ लिटर डिझेल. उतरलेल्या भावामुळे त्याचे वाचले साठ रुपये. दीड हजार किलोंवर वाटले तर किलोमागे चार पैसे. तुमच्या पावशेर भेंडीला एक पैसा. तो एक पैसा भाजीवाली तुम्हाला कसा परत देणार?

मग महागाई आली कुठून, हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. मी आमच्या मंडईत पालक-मेथी विकणाऱ्या बाईंजवळ बसून हा हिशेब समजून घेतला. त्या स्वतः अर्धा एकर करतात. नांगरटीचा आणि रोटाव्हेटरचा एकरी दर ट्रॅक्टरवाल्यानं वाढवला. बाजारात यायला पूर्वी एसटी होती, संपात काळीपिवळीला दुप्पट द्यावे लागले. मार्चपासून ऊन असं तापलं की पालेभाजी वाफ्यातच करपली, दहा जुड्यांच्या जागी सहा निघाल्या. आणि बाजारात दोन-तीन रुपयांची चिल्लर चालत नाही, म्हणून भाव पाच-पाचनंच चढतो. दहाची जुडी तेरा होत नाही, थेट पंधरा होते. उतरतानाही तेच. दोन रुपयांनी स्वस्त झालेली जुडी पंधरालाच राहते. एक दिवस अचानक दहाला येते, ते आवक वाढल्यावर.

टोपली घेऊन बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी भांडू नका. तिच्या पाटीत लपवायला जागा नसते, संध्याकाळी उरलेलं तिला फेकावं लागतं. घासाघीस करायचीच तर किराणा दुकानात करा. वाणसामानाची यादी काढून मागच्या वर्षीच्या जूनच्या बिलाशी ताडून बघा. काही पाकिटांवरची किंमत तीच दिसेल, पण ग्रॅम कमी झालेले असतील. वजनाचा आकडा वाचायची सवय लावा. आणि सिलिंडर मे महिन्यातच हजाराच्या वर गेलाय, त्याची फोडणी तर प्रत्येक भाजीत आहे.

प्रश्न : शंभर ऐवजी 110 चं पेट्रोल घेतलं तर मापात फसवत नाहीत म्हणे. आणि पहाटे भरलं तर जास्त येतं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्हींत तथ्य नाही. शंभरऐवजी एकशेदहाचं मागितल्यानं माप बदलत नाही. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं, तिथं पहाट आणि दुपार यांत फारसा फरक पडत नाही. सकाळी सहाला बदलतो तो भाव, हे 16 जून 2017 पासून चालू आहे. तुमचा हक्क वेगळा आहे आणि तो वापरा. वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं. संशय आला तर त्यात मोजून दाखवा म्हणायचं. पाच लिटरला 25 मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. भरण्याआधी शून्य बघायचं, आणि पावती घ्यायची.

प्रश्न : आम्ही दोघं शिक्षक. माझी शाळा सहा किलोमीटरवर. पेट्रोल परवडत नाही म्हणून कर्ज काढून इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी का? (लातूर)

उत्तर : तुमच्यासाठी नको. रोजचे बारा किलोमीटर म्हणजे महिन्याला जेमतेम सात लिटर, आठशे रुपये. विजेवर त्यातले सातशे वाचतील असं धरू. एक लाखाच्या कर्जाचा तीन वर्षांचा हप्ता तीन हजारांच्या वर जाईल. शिवाय रिझर्व्ह बँकेनं 4 मे रोजी रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, 4.40 टक्के केला आणि 8 जूनला 4.90, म्हणजे कर्ज आणखी महाग होणार. घराचं कर्ज असेल तर त्याचा हप्ताही वाढेल, पैसे तिकडं लागतील. रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरणाऱ्यानं हा हिशेब जरूर मांडावा, त्याला तो वेगळा पडेल.

प्रश्न : काकू, मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेज 22 किलोमीटर. बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट होता. संपाआधी गावात मुक्कामी गाडी असायची, ती सकाळी पावणेसातला निघायची. ती अजून सुरू झाली नाही, आता पहिली गाडी साडेनऊला येते आणि माझं प्रॅक्टिकल आठला असतं. वर्षभर स्कूटीनं गेले. आता बाबा म्हणतात, पेट्रोलला महिन्याला तीन हजार कुठून आणू, पुढच्या वर्षी घरून परीक्षा दे. दादाची गाडी मात्र चालू आहे. (परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून)

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बीएस्सी घरून होत नाही. प्रॅक्टिकल बुडालं की वर्ष बुडालं, हे बाबांना माहीत नसेल. त्यांना तुझ्या सरांशी फोनवर बोलू दे.

माझी धाकटी बहीण बारावीनंतर घरी बसली. भावाच्या मोटारसायकलला पेट्रोल लागायचं आणि तिच्या कॉलेजच्या भाड्याचे पैसे त्यात गेले. अकाउंट्समध्ये तिला माझ्याहून जास्त गुण होते. दर दिवाळीला ती माझी ही वही मागून घेते आणि बेरजा तपासते. आजवर तीनदा चूक काढलीय. म्हणून सांगते, तुझ्या घरच्या वहीतलं हे एक कापणं मला मान्य नाही.

आता काय करायचं ते सांगते. बारावीनंतर फुकट पास नसला तरी विद्यार्थ्यांना भाड्यात 66.66 टक्के सवलत आहे, म्हणजे तिकिटाचा तिसरा हिस्साच भरायचा. तेव्हा गाडी परत आणणं हे पहिलं काम. आगारात अर्ज द्यायला एकटीनं जाऊ नकोस. तुझ्या आणि वाटेतल्या गावांतल्या सकाळी शिकायला जाणाऱ्या सगळ्या मुलामुलींची यादी कर. नाव, वर्ग, कॉलेजची वेळ, सही. आगारात गाडीचं भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, बघतात, म्हणून आकडा बोलला पाहिजे. रोज दूध घेऊन जाणारे, दवाखान्यात जाणारे यांच्याही सह्या घे. ग्रामसभेत ठराव मांडायला सरपंचांना सांग आणि त्याची प्रत जोड. कंडक्टर-ड्रायव्हरला रात्री झोपायला गावात खोली आणि पाणी आहे, हेही अर्जात लिही. मुक्कामी गाडीचं घोडं बऱ्याचदा तिथंच अडतं.

गाडी येईपर्यंत स्कूटीवर मैत्रिणीला घे. रोजचे 44 किलोमीटर, महिन्याला पंचवीस लिटर, 2,900 रुपये. दोघींत वाटले की प्रत्येकी साडेचौदाशे. हा हिशेब कागदावर लिहून बाबांपुढं ठेव आणि शेजारी दादाच्या गाडीचा महिन्याचा आकडाही लिही. भांडण नको, फक्त दोन्ही आकडे एका पानावर असू देत.

अर्जाच्या दोन प्रती कर. एक आगार व्यवस्थापकांना दे, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच बाहेर पड. तारीख मला कळव.