गाडी सर्व्हिस सेंटरला, हप्ता चालू: 1 लाख 92 हजार भरू का?

कोल्हापुरातल्या एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय, आधी ते थोडक्यात सांगतो. गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. जानेवारी 2025 मध्ये शिरोली नाक्याकडच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून 5 लाख 60 हजारांना ऑटोमॅटिक गाडी घेतली, मॉडेल ऑक्टोबर 2019 चं, रनिंग 62 हजार. 4 लाख कर्ज, साडेतेरा टक्क्यानं, चार वर्षं, हप्ता 10,830. एप्रिलच्या शेवटी देवरुखच्या सासुरवाडीहून परत येताना आंबा घाटात गाडीनं मान टाकली, डिस्प्लेवर गिअरचा आकडा लुकलुकायला लागला आणि चढाला गाडी पुढंच जाईना, मागं बायको, चार वर्षांची पोरगी आणि वडील. टो करून कोल्हापूरला आणली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं 1 लाख 92 हजारांचं एस्टिमेट दिलं, आणि वर कंपनी म्हणते वॉरंटी संपली, तुम्ही सेकंड ओनर, आमचा काय संबंध नाही. गाडी 23 दिवस तिथंच उभी आहे. आता पर्सनल लोन घेऊ, एफडी मोडू, वहिनींचा साज गहाण ठेवू, का गाडी आहे तशी विकून मोकळा होऊ, असं विचारलंय.

दादा, पत्र दोनदा वाचलं. 5 लाख 60 हजार घालून बसलोय म्हणून आता सोडवत नाही, असं तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय. ते पैसे गेले ते गेले, त्यांचा हिशोब आज धरू नका, आज गाडी ज्या अवस्थेत उभी आहे तिथनं पुढचा हिशोब धरा.

तो हिशोब तुमच्याच आकड्यांवरनं करतो. आहे तशी गाडी 3 लाख 25 हजारांना मागितली आहे म्हणता. चार हप्ते भरून तुमचं कर्ज अजून साधारण 3 लाख 74 हजार शिल्लक असणार, म्हणजे विकली तर गाडी पण गेली आणि वर खिशातनं पन्नासेक हजार घालून बँकेकडनं एनओसी आणायची, मुदतीआधी कर्ज फेडल्याचा चार्ज असेल तर तो वेगळा. दुसरी बाजू, दुरुस्त झालेली तीच गाडी बाजारात सव्वापाच लाखाला जाते असं तुम्हीच चार ठिकाणी विचारून आलाय. 3.25 अधिक 1.92 म्हणजे 5.17. म्हणजे सगळा खर्च स्वतः केला तरी दुरुस्ती तोट्यात जात नाही, बरोबरीत सुटते, आणि कंपनीकडनं जे काय सुटेल तो सगळा तुमचा फायदा. त्यामुळं घाईनं विकू नका. एवढं माझं मत पक्कं आहे.

आता कंपनीचं बघू, कारण खरी गोष्ट तिथंच दडलीय आणि तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही कागदांचे सात फोटो पाठवलेत, त्यातला पाचवा परत उघडा. मागच्या मालकाचं जॉब कार्ड आहे, जुलै 2024 चं, रनिंग 54 हजार आणि काहीतरी, कागद घडीवर फाटलाय म्हणून शेवटचे आकडे दिसत नाहीत. त्यात कस्टमरच्या तक्रारीच्या रकान्यात पेनानं लिहिलंय 'पहिल्या दुसऱ्या गिअरला धक्का बसतो', आणि खाली मेकॅनिकचा शेरा, 'सॉफ्टवेअर अपडेट केले, ओके'. पहिल्या मालकानं घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी ऑक्टोबर 2024 पर्यंत होती. म्हणजे वॉरंटी जिवंत असताना हाच दोष कंपनीच्याच दारात, कंपनीच्याच कागदावर नोंदला गेला होता आणि नुसतं सॉफ्टवेअर मारून गाडी परत पाठवली. 'वॉरंटी संपल्यावर बिघडली' हे त्यांचं म्हणणं हा एक कागद खोडतो. तो कागद लॅमिनेट करू नका, स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवा आणि ओरिजिनल कुणाच्या हातात देऊ नका, सर्व्हिस सेंटरच्या तर अजिबात नाही.

सेकंड ओनर म्हणून संबंध नाही, हे पण इतकं सरळ नसतं. वॉरंटी साधारणपणे गाडीच्या चासी नंबरवर असते, माणसाच्या नावावर नसते. एक्स्टेंडेड असेल तर काही कंपन्या नाव ट्रान्सफर करून मागतात, तुमच्या बुकलेटात ते काय म्हटलंय ते शब्द न् शब्द वाचा. आणि तुमच्या केसमध्ये तक्रारच पहिल्या मालकाच्या काळातली आहे, तेव्हा तो मुद्दा तसाही लंगडा पडतो.

एस्टिमेटचे तीन तुकडे आहेत: मेकॅट्रॉनिक युनिट 1 लाख 15 हजार, क्लच सेट 52 हजार, ऑइल आणि मजुरी 25 हजार. हे वेगवेगळे धरून भांडा. क्लच प्लेट ही झिजणारी वस्तू आहे, 62 हजार किलोमीटरला कंपनी 'ड्रायव्हिंगमुळं झिजली' म्हणणार आणि त्यात थोडं तथ्य पण आहे, ड्राय क्लचची, म्हणजे तेलात न बुडालेल्या क्लचची, गाडी दाभोळकर कॉर्नरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा अर्धा फूट सरकवत नेली की क्लच तापतोच. पण मेकॅट्रॉनिक म्हणजे गिअर बदलणारा मेंदू, तो झिजायची वस्तू नाही, आणि गाडी कशी चालवली याचा दोष त्याच्या गळ्यात सहजासहजी घालता येत नाही. म्हणून मागणी करताना 'सगळं फुकट करून द्या' म्हणू नका, त्याला लगेच 'नाही' म्हणता येतं. म्हणा की मेकॅट्रॉनिक पूर्ण कंपनीनं द्यावं, क्लच निम्मा, मजुरी मी देतो. याला त्यांच्यात गुडविल म्हणतात, वॉरंटीबाहेर पण देतात, आणि मागच्या सगळ्या सर्व्हिस कंपनीतच झाल्यात ही तुमची जमेची बाजू. पूर्ण मान्य झालं तर तुमच्यावर 26 आणि 25 मिळून 51 हजार येतात. मान्य होईलच असं नाही, पण काउंटरवरच्या पोराला हा अधिकारच नसतो, त्यानं 'नाही' म्हटलं तर ते कंपनीचं नाही समजू नका. वर्क्स मॅनेजरमार्फत एरिया सर्व्हिस मॅनेजरकडं जायचं, आणि त्याच दिवशी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल टाकायचा. नकार आला तर कारणासकट लेखी मागायचा.

आणि हे कृपा करून चुकवू नका, मी यात लोकांचं नुकसान झालेलं बघितलंय. पुरावा हातात यायच्या आधी गाडी दुरुस्त करायची नाही. उद्यमनगरातले आपले मेस्त्री हुशार आहेत, कंपनीपेक्षा निम्म्यात करून पण देतील, पण एकदा बाहेरच्यानं गिअरबॉक्स खोलला की कंपनी म्हणणार बाहेर छेडछाड झाली, आणि विषय संपला. आधी एरर कोडसकट स्कॅन रिपोर्टची प्रिंट, त्यावर सर्व्हिस सेंटरचा शिक्का, घाटातला डिस्प्लेचा व्हिडिओ तुमच्याकडं आहेच, शिवाय एखाद्या स्वतंत्र सर्व्हेअरचा किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअरचा दोन पानी रिपोर्ट. त्याला काही हजार लागतील, द्या. नंतर दुरुस्ती स्वतःच्या पैशानं केली तर जुने पार्ट मागून घ्या, पोत्यात बांधून घरात ठेवा, ग्राहक आयोग पार्ट तपासायला लॅबला पाठवू शकतो.

आयोगाचं नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस कुठंही असो, कोल्हापुरातच. 50 लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाकडं, आणि तुमच्या 5 लाख 60 हजारांच्या व्यवहाराला फी आहे फक्त 200 रुपये. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन टाकता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासनं दोन वर्षांची मुदत, तुम्ही एप्रिल 2025 धरा, पण तेवढं थांबू नका. त्याआधी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, खर्च काही नाही आणि कधी कधी कंपनी तिथंच वाटाघाटीला येते. डीलरला पण सामनेवाला, म्हणजे केसमधला विरुद्ध पक्ष, करा. त्यानं व्हॉट्सअॅपवर 'गिअरबॉक्स टकाटक, सहा महिने काय झालं तर मी बसलोय' लिहून दिलंय, तो मेसेज डिलीट होऊ देऊ नका, फोन बदलू नका. सहा महिने अजून संपलेले पण नाहीत, त्याला आजच लेखी कळवा.

चासी नंबर टाकून रिकॉल आहे का, म्हणजे दोषामुळं कंपनीनंच ह्या गाड्या परत बोलावल्यात का, ते पण बघा, रिकॉल निघाला असेल तर दुरुस्ती फुकट असते आणि ओनर कितवा याला अर्थ नसतो.

पण कायद्यात तीन ते पाच महिने लिहिले असले तरी निकालाला प्रत्यक्षात जास्त वेळ जातो. तोवर गाडी उभी ठेवून हप्ता भरत बसणं परवडणारं नाही. म्हणून कंपनीला लेखी 15 दिवस द्या, उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर पुराव्यासकट दुरुस्ती करून घ्या आणि भांडण बिलाच्या रकमेसाठी चालू ठेवा. दुरुस्ती आणि भांडण या दोन वेगळ्या फायली आहेत, एकीसाठी दुसरी अडवू नका.

आता पैसा. तुमच्या दोघांचे मिळून 64 हजार येतात, घरखर्च 38, हप्ता 10,830, विमा 3,200, एसआयपी 6 हजार, मागं सहाएक हजार उरतात. 2 लाख 10 हजारांची एफडी हीच तुमची अडीअडचणीची शिल्लक, एसआयपी सोडली तर चार महिन्यांच्या खर्चाएवढी. ती मोडून गिअरबॉक्समध्ये घातली तर 18 हजार उरतात, आणि घरात बीपीचे वडील आहेत. पर्सनल लोन साडेपंधरा टक्क्यानं तीन वर्षं घेतलं तर 1 लाख 92 हजारांवर जवळपास 49 हजार व्याज जातं. त्यापेक्षा बँकेत जाऊन एफडीवर कर्ज मागा, तुमची एफडी सव्वासात टक्क्याची आहे, त्यावर एक ते दोन टक्के जास्त घेतात, म्हणजे नऊच्या आसपास. समजा कंपनीनं थोडाफार भार उचलला आणि तुमच्यावर 1 लाख 20 हजार आले, तर 15 महिन्यांत फेडायला महिना साडेआठ हजार, एकूण व्याज साडेसात हजारांच्या आतबाहेर. हे साडेआठ कुठनं? उरणारे सहा आणि एसआयपी निम्मी करून तीन. एसआयपी बंद करू नका, निम्मी करा, दिवाळीचा बोनस आला की कर्जात भरा. कंपनीनं काहीच दिलं नाही तर बँक साधारण एफडीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देते, त्यात 1.92 जवळजवळ बसतात, मुदत दोन वर्षं करा.

वहिनींच्या साजाला हात लावू नका. नुसत्या भावनेपोटी सांगत नाही, सोनं तारण ठेवून घेतलेल्या कर्जात बरेचजण व्याज भरून दरवर्षी नूतनीकरण करत राहतात आणि मुद्दल तिथंच राहतं. वडिलांच्या दवाखान्याची वेळ आली तर तोच साज कामाला येणार, तो तेवढ्यासाठी ठेवा.

रागाच्या भरात गाडीचा हप्ता थांबवायचा विचार तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलाय, तो आधी डोक्यातनं काढा. बँकेनं तुम्हाला गिअरबॉक्स विकलेला नाही, हप्ता चुकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, तुमचा खराब होतो, कंपनीला त्याचं काही वाटत नाही.

ईमेल आज रात्रीच लिहा. जुलै 2024 चं जॉब कार्ड पहिल्याच परिच्छेदात टाका, खाली तीन भागांची मागणी, 15 दिवसांची तारीख, आणि शेवटी एवढं नक्की लिहा की गाडी तुमच्या आवारात उभी आहे ती माझ्या तक्रारीच्या निकालासाठी, पार्किंग चार्ज मला मान्य नाही, आणि बॅटरी उतरली तर जबाबदारी तुमची. पाठवायच्या आधी मसुदा मला दाखवा, रविवारी सकाळी मोकळा आहे, वाचून देतो.