नाशिक जिल्ह्यात निफाडला गावं दाट आणि सुरगाणा-पेठला पाडे विखुरलेले, असं का?

मेन कारण जमिनीचा उतार आणि पाणी. निफाडला गोदावरी-कादवेच्या काठची सपाट काळी जमीन आहे, मग घरं नदी नाहीतर विहिरीजवळ एकत्र आली अन् शेती भोवती पसरली, याला केंद्रित वस्ती म्हणतात. सुरगाणा-पेठकडे सह्याद्रीचे डोंगर, पाऊस भरपूर पण पाणी वाहून जातं, सपाट तुकडे छोटे अन् लांब लांब, म्हणून जिथं थोडी शेतजमीन अन् झरा तिथं पाच-पंचवीस घरांचा पाडा, ही विखुरलेली वस्ती. बारावीच्या पोरांना भूगोल शिकवताना मी हीच जोडी घेतो, लगेच समजतं. फक्त एक लक्षात ठेवा, निफाडमध्येही आता लोकं मळ्यात, द्राक्षबागेतच घर बांधून राहतात, त्यामुळे तिथला पॅटर्न आता पूर्ण केंद्रित राहिला नाही.